पहिल्या पानावरचं नाव

६ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार, आणि घाईघाईत एक मिठी. फोन केला असता, पण तूच म्हणतेस ना, की फोनवर मी नुसतं "हो हो" करते आणि ठेवला की सगळं विसरते. म्हणून लिहितेय. शिवाय जिने विद्यापीठाच्या अनुदान कक्षात एकतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले, तिला कागदावरच गाठलेलं बरं.

तर बातमी अशी, की तुझ्या जुन्या कक्षाची एक नवी योजना निघाली आहे. एकाच अर्जात दोन गोष्टी मिळतात: शिक्षकाला संशोधनासाठी अनुदान आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दोन वर्षं शिष्यवृत्ती, तीही घर चालेल इतकी. शेवटची तारीख ३१ जानेवारी. मी अर्ज करतेय. हसू नकोस.

आमच्या कॉलेजच्या मागे यंत्रमागांचे कारखाने आहेत, तुला ठाऊक आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते ते निम्मं ओरडून. आता माझ्या एम.एस्सी.च्या वर्गात एक विद्यार्थिनी आहे, तिला सगळे ताई म्हणतात, मीसुद्धा. वय चौतीस, दोन मुलं, अकरा वर्षं मागावर काम करून बाहेरून परीक्षा देत इथवर आलेली. पहिल्या दिवशी विचारलं, भौतिकशास्त्रच का? म्हणाल्या, "मॅडम, माग बंद पडला की मीच दुरुस्त करायचे. पण तो चालतो कसा, ते कुणी कधी सांगितलंच नाही."

संशोधनाचा विषयही त्यांचाच. मागांच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका ओठांवरून बोलणं वाचतात. चार माग पलीकडच्या बाईला सासूची अख्खी कहाणी सांगतात. त्यामुळे कान गेल्याचं कुणाला कळतच नाही. घरी पोरं ओरडतात, आई, रेडिओ केवढा मोठा लावलास, तेव्हा पत्ता लागतो. किती वर्षांत किती ऐकू येईनासं होतं ते मोजायचं, आणि मागाच्या पायांखाली रबराच्या गाद्या घातल्या तर आवाज किती उतरतो ते पाहायचं. कल्पना त्यांची, गणितं माझी.

आता खरी मेख सांगते. शिष्यवृत्तीला वयाची अट आहे. ३१ जानेवारीला पस्तीस पूर्ण झालेली नसावीत. ताईंना चार फेब्रुवारीला पस्तीस होतात. चार दिवस गं! म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि शिष्यवृत्ती नाही मिळाली तर त्या जूनपासून कायमच्या मागावर परत जाणार. एका पगारात त्यांचं घर भागत नाही. तसं त्यांनी मला स्वच्छ सांगितलंय, रडगाणं न गाता.

अर्जाची पानं सोबत पाठवतेय. वाच आणि हवे तेवढे कान उपट. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

तुझी,
भिंगरी


११ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद तुला, आणि तुझ्या त्या ताईंना दुप्पट.

नातं बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि अर्ज शेवटच्या पानापासून वाचला. मी सगळे अर्ज उलटेच वाचायचे. सुरुवातीला सगळेच छान कपडे घालून उभे असतात. शेवटाकडे माणूस दमतो आणि खरं बोलायला लागतो. तुझं शेवटचं पान चांगलं आहे. कुठले माग, किती बायका, किती दिवस, सगळं नेमकं. ते गाद्यांचं प्रकरण तर फार आवडलं.

पण मधल्या पानांत "अल्पसा प्रयत्न" हे शब्द किती वेळा आलेत, मोजलेस का? मी मोजले. अकरा. शिवाय "विनम्रपणे" सात आणि "कृपाळूपणे" चार. अगं, तू अनुदान मागतेस की माफी? सगळं काढ. जे करणार आहेस ते लिही आणि थांब.

आता मुद्द्याचं. तू पाठवलेल्या पानांवर आकडे आहेत दोन ते बारा. पहिलं पान कुठाय? एकतीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकले, की माणूस जे पान दाखवत नाही, गोम त्यातच असते. उलट टपाली पाठव.

आणि आधीच सांगून ठेवते. कक्षात अजून माझी माणसं आहेत. त्यातल्या एकालाही मी फोन करणार नाही. आशेवर राहू नकोस.

तुझी मावशी


१५ जानेवारी

प्रिय मावशी,

"अल्पसा" मेला. "विनम्रपणे"ही गेलं. एक "कृपाळूपणे" चुकून राहिलं होतं, ते ताईंनी पकडलं.

पहिलं पान पाठवतेय. त्यात गोम वगैरे काही नाही. फक्त तू ओरडशील म्हणून मागे ठेवलं होतं. मुख्य संशोधक म्हणून आमच्या विभागप्रमुखांचं नाव आहे, म्हणजे मोठ्या सरांचं. माझं त्याखाली, सहसंशोधक म्हणून.

आमच्याकडे तशी रीतच आहे गं. विभागातून कुठलाही अर्ज जाऊ दे, पहिलं नाव मोठ्या सरांचं. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही, सगळे घालतात. मी इथे लागून दोन वर्षं झाली, आणि मला घेतलं ते त्यांनीच. माणूस सरळ आहे, पण बोलतात कमी. त्यांच्यासमोर मी अजून नीट खुर्चीत टेकून बसत नाही. आणि खरं सांगू? मला वाटलं, मोठं नाव असलं की वजन पडेल. मला कोण ओळखतं? काम मीच करणार आहे, नाव कुणाचं का असेना. येत्या ऑगस्टमध्ये ते निवृत्तच होतायत, तेवढाच मान.

आता रागवून घे एकदाची.

भिंगरी


१८ जानेवारी

भिंगरे,

डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माहितीपत्रक वाचलंस, की नुसतं उशाला घेऊन झोपलीस?

पान तीन, खालून दुसरी ओळ: मुख्य संशोधकाची किमान तीन वर्षं सेवा शिल्लक असली पाहिजे. आमच्या कक्षाच्या सगळ्या योजनांना ही अट असते. तुझ्या मोठ्या सरांची राहिलीत सात महिने. हा अर्ज कुठल्याही तज्ज्ञापर्यंत पोचणारच नाही. छाननीच्या टेबलावर एक कारकून पहिलं पान बघेल, जन्मतारीख बघेल, शिक्का मारेल आणि पुढचा अर्ज उचलेल. तुझ्या गाद्या, तुझी गणितं, त्या बाईची अकरा वर्षं, कुणी पान उलटूनसुद्धा पाहणार नाही. अर्धं मिनिट लागतं याला. मला ठाऊक आहे, कारण ते अर्धं मिनिट मी एकतीस वर्षं खर्च केलंय.

मान द्यायचा तर सकाळी नमस्कार कर, निवृत्तीला शाल दे. मानापायी तू त्या ताईंच्या दोन वर्षांवर पाणी सोडते आहेस, आणि ते त्यांना न विचारता. काम मीच करणार, नाव कुणाचं का असेना, हे फार मोठ्या मनाचं वाक्य वाटतंय ना तुला? मला त्यात भित्रेपणा दिसतो.

हातात तेरा दिवस आहेत. सरांकडे जा आणि सांग.

मावशी


२० जानेवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून धाबं दणाणलं. त्या ओळीवर माझी नजर गेली होती. देवाशप्पथ, मला वाटलं ते निवृत्तीनंतर नव्याने घेणाऱ्यांबद्दल आहे.

आज दोनदा सरांच्या खोलीत गेले. पहिल्यांदा पंखा दुरुस्त करायला हवा असं सांगून आले. दुसऱ्यांदा वेळापत्रकाबद्दल विचारलं, जे मीच बनवलेलं आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, बरं आहे ना?

मला नाही जमणार गं. ज्यांनी नोकरी दिली त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की तुमचं नाव काढते? ते हो म्हणतीलही, पण मनात काय राहील? आणि अर्जावर विभागप्रमुख म्हणून सही त्यांचीच लागते. रागावून सहीच नाही केली तर?

तू फक्त एक फोन कर ना. छाननीला जे कोण असेल त्याला म्हणावं, हा एक अर्ज पुढे जाऊ दे. तुझ्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत ती. माझ्यासाठी नको, ताईंसाठी कर. त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

भिंगरी


२२ जानेवारी

भिंगरे,

नाही.

आणि ताईंना आजच्या आज सांग. चार दिवसांचा हिशेब त्यांचा आहे, तुझा नाही.

मावशी


२८ जानेवारी

प्रिय, प्रिय मावशी,

बस आणि मग वाच.

तुझं "नाही" हातात घेऊन तासभर रडले. मग ताईंना प्रयोगशाळेत गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं त्या कोसळतील. त्या हातातली तार गुंडाळत होत्या, ती पूर्ण गुंडाळली, आणि म्हणाल्या, "मॅडम, मी बोलू का सरांशी?" इतकी लाज वाटली मला! त्यांची विद्यार्थिनी म्हणून बसायला हवं होतं मी. म्हटलं, नाही, मीच बोलते. तुम्ही दाराशी उभ्या राहा, म्हणजे मला पळता येणार नाही.

दुपारची वेळ. सर चहा घेत होते. मी उभ्या उभ्याच एका दमात सगळं सांगून टाकलं: नियम, पान तीन, सात महिने, चार दिवस. शेवटी "माफ करा सर" म्हणाले आणि थांबले. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे माझ्या नावामुळे अर्ज बाद होतो?"

"सर, तसं नाही, नियमच..."

"तसंच आहे. नियम मला वाचता येतो."

मग त्यांनी खालचा खण उघडला आणि पाच अर्ज टेबलावर मांडले. गेल्या दोन वर्षांतले, आमच्याच विभागातल्या लोकांचे. सगळ्यांवर पहिलं नाव सरांचं आणि सगळ्यांवर एकच शिक्का: "नियमात बसत नाही." कुठला नियम, कुणाचा, एक अक्षर नाही. सर म्हणाले, "मला वाटायचं आपलं कॉलेज आडबाजूचं, म्हणून वरचे लोक आपल्याला मोजत नाहीत. पोरांनाही मी तेच सांगत आलो. एकाने तर त्यानंतर संशोधनच सोडलं."

मग ते म्हणाले, "माझं नाव घाला असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही."

मी म्हटलं, "नाही सर."

"काढा असंही नाही म्हटलं." आणि हसले गं! दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले. "मला वाटायचं तुम्हाला हवंय म्हणून घालता. तुम्हाला वाटायचं मला हवंय. छान चाललं होतं आपलं."

त्यांनी अर्जाचं कोरं पहिलं पान मागवलं आणि स्वतःच्या हाताने, सावकाश, मुख्य संशोधक म्हणून माझं नाव लिहिलं. अक्षर काय सुंदर आहे त्यांचं! खाली ताईंचं नाव, जन्मतारीख. मग सही केली. मी म्हटलं पोस्टात मी टाकते, तर म्हणाले, "तुम्ही वर्गावर जा." स्वतः चालत गेले, रांगेत उभे राहिले आणि पावती आणून माझ्या टेबलावर ठेवली.

मावशी, मी त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसले. पूर्ण.

तुझी,
भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पत्र तीनदा वाचलं. शाबास. तुझ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, पोरगी माझ्यावर गेलीय. तिला तसं वाटू दे.

आता मला काही सांगायचंय. तुझं पहिलं पान पाहिलं तेव्हाच मी ते नाव ओळखलं होतं. तुझ्या मोठ्या सरांचं. अठरा तारखेच्या पत्रात मी ते गिळलं. त्या खणातल्या पाच अर्जांतले पहिले दोन तरी माझ्या टेबलावरून गेलेत. तो शिक्का माझा होता.

शिक्क्याखाली कारण लिहायला एक रकाना असायचा. लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. दिवसाला चाळीस अर्ज असायचे, आणि मला वाटायचं, ज्याला नियम वाचता येत नाहीत त्याला कारण वाचून काय कळणार? किती शहाणी समजत होते मी स्वतःला! एक ओळ लिहिली असती तर तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वीच नाव बदललं असतं. ज्याने संशोधन सोडलं त्याचा अर्ज माझ्या हातचा होता की माझ्यानंतर आलेल्याच्या, मला सांगता येत नाही. पण झोप उडाली आहे हे खरं.

सरांना मी वेगळं पत्र घातलंय. त्यात सगळं कबूल केलंय, कारणं न देता. तू मध्ये पडू नकोस.

मुलाखतीला बोलावतील, हे मी आजच सांगते. तेव्हा तू कमी बोल. ताईंना बोलू दे.

मावशी


१२ एप्रिल

मावशी गं मावशी!

मुलाखत झाली. कुठून सांगू? आधी हे सांगते, की मी कमी बोलले. मला बोलायची वेळच आली नाही.

खोली लांबलचक. एका टोकाला आम्ही दोघी, दुसऱ्या टोकाला टेबलामागे पाच जण. मध्ये एवढी जागा की माग बसवता आला असता. डोक्यावर जुनी वातानुकूलन यंत्रं घरघर करत होती, त्यांचे प्रश्न मलाच धड ऐकू येत नव्हते. मी आकडे सांगितले, तक्ता दाखवला. अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, त्या नीट ऐकत होत्या. पण कडेचे एक गृहस्थ अर्ज चाळत शेजाऱ्याकडे झुकले आणि काहीतरी पुटपुटले. आवाज आला नाही, नुसते ओठ हलले.

आणि ताई एकदम म्हणाल्या, "नाही साहेब, पैसे पाण्यात जाणार नाहीत."

ते गृहस्थ दचकलेच. ताई शांतपणे पुढे म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, पस्तिशीची बाई, पोराबाळांची, सहा महिन्यांत सोडून जाईल, पैसे पाण्यात. पोरं दोन आहेत साहेब. मोठा स्वयंपाक करतो, धाकटी अभ्यास करते आणि मला करायला लावते. अकरा वर्षांत मी मागावरून आठ दिवस रजा घेतली, त्यातले सहा बाळंतपणाचे. सोडून जायची सवय नाही मला."

मावशी, त्या गृहस्थांचा चेहरा! तू असतीस तर खुर्चीवरून पडली असतीस.

अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्हाला इतक्या लांबून ऐकू आलं? ताई म्हणाल्या, "ऐकू नाही आलं, दिसलं." मग बाईंना राहवलं नाही. त्यांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. ताई लगेच, "जुन्या टायरांचं रबर घेऊ. पंक्चरवाले फुकट देतात." बाईंनी विचारलं होतं, रबर कुठून आणणार? मग सगळ्यांनाच चेव चढला. एकाने विचारलं वाद्य कुठलं आवडतं, एकाने विचारलं चहा घेणार का. ताईंनी सगळी उत्तरं दिली आणि चहाही मागितला. हसून हसून पाचही जण टेबलावर वाकले.

हसणं थांबल्यावर ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही कौतुक केलंत, बरं वाटलं. पण ही हुशारी नाही. माझा डावा कान निम्मा गेलाय, म्हणून मला हे येतं. आमच्या शेडमधल्या साठ बायकांना येतं. धाकटी झोपताना कानात काहीतरी सांगते, तिला मी दिवा लावायला लावते, कारण अंधारात मला तिचं ऐकू येत नाही. आम्हाला हे मोजायचंय. आमच्यानंतर येणाऱ्या पोरींना हे येऊच नये, एवढ्यासाठी."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्या पुटपुटणाऱ्या गृहस्थांनी उभं राहून, मोठ्याने, "माफ करा" म्हटलं. ताई म्हणाल्या, "एवढं ओरडायची गरज नाही साहेब, दिसतंय."

निकाल मेअखेर. मला आता काही झालं तरी चालेल, असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. मला हवंय. फार हवंय.

भिंगरी


१८ एप्रिल

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचनालयात उघडलं ही चूक केली. मी इतक्या मोठ्याने हसले की ग्रंथपालांनी पाटीकडे बोट दाखवलं. दिव्याच्या ओळीपाशी आले आणि मग गप्प झाले. ग्रंथपालांनी पाणी आणून दिलं.

वाचनालयात मी काय करत होते, असं विचारशील. दर शनिवारी तिथे कोपऱ्यात एक टेबल मागून घेतलंय. अनुदान, शिष्यवृत्ती, फी-माफी, कुणाचाही कसलाही अर्ज असो, घेऊन या, पाठवायच्या आधी बघून देते. पहिल्या शनिवारी कुणी फिरकलं नाही, मी लोकर विणत बसले. दुसऱ्या शनिवारी दोघं आली. काल चौदा होती. प्रत्येकाला चूक सांगते आणि खाली कारण लिहून देते, स्वच्छ अक्षरात. काहींना माझं बोलणं लागतं. लागू दे, पण परत येतात.

तुझ्या मोठ्या सरांचं उत्तर आलं. दोनच ओळी. "शिक्का पोचला होता. आता कारणही पोचलं. आभार." मी ते पाकिटासकट ठेवून दिलंय.

निकालाबद्दल मी काही बोलणार नाही. मी त्या कक्षात असताना काही बोलले नाही, आता बाहेर राहून कशाला बोलू? पण शेजारणीला पेढ्यांचं दुकान किती वाजता उघडतं ते विचारून ठेवलंय.

मावशी


३० मे

मावशी!!!

मिळालं!

दोनशे बारा अर्ज, निवड नवांची, आणि आपलं नाव तिसरं! अनुदान पूर्ण, एक पैसा कापला नाही. शिष्यवृत्ती पूर्ण दोन वर्षं. यादी सरांच्या संगणकावर उघडली. आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे. ते चष्मा कपाळावर चढवून एकेक नाव मोठ्याने वाचत होते. तिसऱ्यावर आले आणि थांबले. मग वळून मला म्हणाले, "मॅडम, वाचा. तुमचं आहे." त्यांनी मला मॅडम म्हटलं गं, सगळ्यांसमोर!

पण ताई तिथे नव्हत्या. सुट्टीत त्या दिवसपाळीला मागावर जातात. मी तशीच धावले, मागच्या फाटकातून, हातात पेन तसंच. शेडच्या दारात पोचले तर आतला आवाज अंगावर आला. मी "ताई" म्हणून किंचाळले, ते मलाच ऐकू आलं नाही. ताई बारा माग पलीकडे, पाठमोऱ्या. दाराजवळच्या बाईने मला पाहिलं, भुवया उडवल्या, काय झालं? मी नुसते ओठ हलवले: मिळाली. तिने वळून पलीकडच्या मागावरच्या बाईला तेच सांगितलं. तिने पुढचीला. मावशी, माझ्या डोळ्यांसमोरून ती बातमी मागामागांनी पुढे गेली, एक शब्द न ऐकू येता, आणि ताईंपाशी पोचली.

ताईंनी हातातला धागा जोडला. आधी धागा जोडला, मग माग बंद केला आणि वळल्या. एवढ्या लांबून मला विचारलं, खरंच? आता मलाही थोडं वाचता येतं. मी म्हटलं, खरंच.

मग शेजारचा माग थांबला. मग त्याच्या पुढचा. एकेक करत सगळी शेड थांबली. "अकरा वर्षांत मी दिवसा ही शांतता कधी ऐकली नव्हती," असं ताई नंतर म्हणाल्या. मालक शांतता ऐकून चप्पल न घालता बाहेर आला, त्याला वाटलं वीज गेली. आणि त्या शांततेत साठ बायका ज्या ओरडल्या, ते म्हणे आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं. सर गच्चीवर येऊन उभे होते.

मी खूप रडले. ताई नाही रडल्या. म्हणाल्या, "मॅडम, रबर कधी आणायचं?"

तुझी भिंगरी, मुख्य संशोधक


४ जून

चि. मुख्य संशोधक,

पेढ्यांचं दुकान आठला उघडतं. मी पावणेआठला उभी होते. गल्लीत वाटले, वाचनालयात वाटले, पाटीकडे बोट दाखवणाऱ्या ग्रंथपालांना दोन जास्त दिले. सगळ्यांना सांगितलं, माझ्या भाचीला अनुदान मिळालं, आणि मी एकही फोन केला नाही. हे दुसरं वाक्य जास्त मोठ्याने सांगितलं.

नाव वाचून मला काय वाटलं ते सांगते, आणि एकदाच सांगते. अभिमान वाटला. फार. आता कामाला लाग. पहिला अहवाल सहा महिन्यांत द्यायचा आहे, माहितीपत्रक, पान आठ. या वेळी वाचून घे.

मावशी


९ जुलै

प्रिय मावशी,

पान आठ वाचलं. दोनदा. ताईंनी तोंडी परीक्षाही घेतली.

काम सुरू झालं. मालकाने एक रांग दिली, सहा माग. ताईंनी टायर कापून गाद्या केल्या, मी आवाज मोजला. चार डेसिबल उतरला. तुला वाटेल, चारच? पण तीन उतरला तरी आवाजाची ताकद निम्मी होते. एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, अजून सगळे महिने मोजायचंय, पण त्या रांगेतली एक बाई दुपारी थबकून शेजारणीला म्हणाली, "अगं, तू गातेस?" शेजारीण नऊ वर्षं गात होती.

आजची गोष्ट मात्र वेगळी. ताईंच्या धाकटीचा नव्या शाळेत प्रवेश होता. अर्ज भरायचा म्हणून मला घेऊन गेल्या, म्हणाल्या, अर्जांचं तुमच्या घराण्यात चांगलं चालतं. नाव, पत्ता, सगळं त्यांनीच भरलं. "आईचा व्यवसाय" इथे आल्या आणि पेन थांबलं. दर वर्षी तिथे त्या "मजुरी" लिहीत आल्यात. धाकटी टाचा उंच करून बघत होती.

ताईंनी लिहिलं, "विणकर". मग पुढे "आणि". मग "संशोधक". रकाना एवढासा, शेवटची दोन अक्षरं रेघेबाहेर गेली.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला आणि परत सरकवला. म्हणाला, "बाई, इथे एकच लिहायचं असतं. जागा लहान आहे."

ताईंनी अर्ज पुन्हा त्याच्याकडे सरकवला. म्हणाल्या, "मग जागा मोठी करा."

त्याने घेतला.

तुझी,
भिंगरी